घराचा रंग कोण ठरवतो?

रंगीत घरे आणि रंगीत गावे या विषयावर प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागच्या अंकात केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत मांडलेली होती : सहलीला गेल्यावर रंगांमागची जी गोष्ट सांगितली जाते, ती खरी असते का? जुन्या घरांची दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्याने अशा गोष्टी मी भिंत खरवडता खरवडता ऐकत आलो आहे. त्यामुळे गोष्टीपेक्षा चुना, ओल आणि नगरपालिकेचा कागद यांच्यावर माझा विश्वास अधिक आहे, हे आधीच सांगून टाकतो.

प्रश्न : गेल्या वर्षी इटलीच्या सहलीत आम्ही व्हेनिसजवळचे बुरानो बेट पाहिले. धुक्यातून परतणाऱ्या कोळ्यांना आपले घर लांबूनच ओळखता यावे म्हणून तेथील घरे भडक रंगवली गेली, असे मार्गदर्शकाने सांगितले. यात तथ्य आहे का? (एक वाचक, सांगली)

धुक्याची गोष्ट कानाला गोड लागते, पण धुक्यात होडी हाकलेल्या माणसाला ती पटणार नाही. दाट धुके सर्वांत आधी रंगच गिळते; वीस पावलांवरचे पिवळे घर आणि हिरवे घर दोन्ही सारखीच करडी दिसतात. शिवाय जो कोळी लहानपणापासून त्याच खाजणात वल्हे मारत आला आहे, त्याला घरी पोहोचायला भिंतीचा रंग लागत नाही. पाण्याचा ओघ आणि चर्चच्या घंटेचा आवाज पुरतो.

माझा संशय वाढण्याचे आणखी एक कारण असे की, हीच गोष्ट अटलांटिकच्या पलीकडे, कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स शहरातही शब्दशः सांगितली जाते. तेथे लाकडी घरांच्या रांगा इतक्या रंगीबेरंगी आहेत की, त्यांना 'जेलीबीन रो' असे गोळ्या-चॉकलेटांच्या दुकानाला शोभेल असे नाव पडले आहे. १८९२ च्या मोठ्या आगीत त्या शहराचा बराच भाग जळाला आणि नंतर तो पुन्हा उभा राहिला. मात्र आजचे हे रंग त्या काळातले नाहीत. १९७० च्या दशकात लोक उपनगरांकडे जाऊ लागले, जुनी वस्ती ओस पडू लागली, आणि ती पुन्हा नांदती करण्यासाठी त्या दशकाच्या उत्तरार्धात घरे ठरवून रंगवण्यात आली. म्हणजे आधी रंग आले, मग पर्यटक आले आणि त्यांच्यामागून धुके आले.

बुरानोच्या बाबतीत मला दोन साधी कारणे अधिक पटतात. तेथील घरे एकमेकांना इतकी चिकटून उभी आहेत की, एकाची भिंत कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते हे रंगावाचून कळत नाही. दुसरे कारण असे की, होड्या रंगवणाऱ्यांच्या घरात रंगाचा डबा असतोच. हर्णै बंदरालगतच्या एका वाडीत होडीला लावून उरलेला मोरपंखी ऑइल पेंट न्हाणीघराच्या दाराला, तुळशीवृंदावनाच्या कडेला आणि त्यातूनही उरला म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेला मी पाहिला आहे. अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसच्या ला बोका या बंदराजवळच्या वस्तीत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. इटलीतील जेनोवाहून आलेल्या स्थलांतरितांनी तेथे पन्हळी पत्र्यांची दाटीवाटीची घरे बांधली आणि जहाजांचा उरलासुरला रंग त्यांना फासला. एक रंग संपला की दुसरा डबा उघडायचा, म्हणून एकाच घराला चार रंग. त्याच वस्तीत वाढलेल्या किन्केला मार्तीन या चित्रकाराने पुढे पुढाकार घेतला आणि तेथील कामिनितो ही गल्ली १९५९ मध्ये उघड्यावरचे संग्रहालय म्हणून सुरू झाली.

बुरानोला आज मात्र कोणीही मनात येईल तो डबा उघडू शकत नाही. घर पुन्हा रंगवायचे असेल तर मालकाला प्रशासनाकडे अर्ज करावा लागतो आणि त्या जागेसाठी कोणते रंग चालतील ते त्याला कळवले जाते. आपण छायाचित्रात पाहतो तो मोकळेपणा अर्जावर शिक्का बसल्यानंतरचा आहे. सिनेमावेड्या आणि मिठाई विकणाऱ्या बेपीचे ते त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळांनी भरलेले घर आपण पाहिले असेलच; तशी एकट्या माणसाची हौस आता तेथे नव्याने उमटणे अवघड आहे.

प्रश्न : आमच्या नातेवाइकांचे घर पणजीच्या फोंतेन्यास भागात आहे. पोर्तुगीज काळात चर्चखेरीज कोणालाही पांढरा रंग लावायची परवानगी नव्हती, असे सर्वजण सांगतात. असा हुकूम जगात आणखी कोठे होता का? आणि हल्ली फोटो काढणाऱ्यांच्या झुंडींमुळे घरातल्यांना दार उघडणे नकोसे झाले आहे, त्यावर उपाय काय? (एक वाचक, म्हापसा)

आल्तिनोची टेकडी आणि ओरेमची खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेला फोंतेन्यास हा भाग अठराव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आला. मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या आंतोनियो जुआंव द सिक्वेरा या गृहस्थाने, ज्याला लोक 'मोस्मीकार' म्हणत, येथे माडांची लागवड करून वस्तीला सुरुवात केली. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून जागेला नाव मिळाले. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली आणि या गल्ल्यांत सरकारी नोकरदारांची दाटी झाली.

पांढऱ्याचा नियम पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, आणि तेथे उभे राहून पाहिले तर भिंतीही तसेच बोलतात. सांत सेबास्तियनचे चॅपेल पांढरे, शहराच्या मध्यावरचे इमाक्युलेट कन्सेप्शनचे चर्च पांढरे, आणि घरे मात्र पिवडीची पिवळी, निळीची निळी, गेरूची तांबडी. तरीही नीट पाहिले तर पांढरा रंग घरांवरही आहे. पण खिडक्यांच्या चौकटी, कोपरे आणि कांगोरे यांच्यापुरताच. हीच रीत मला फार आवडते, कारण त्या दोन बोटांच्या पांढऱ्या रेघेमुळेच निळ्या भिंतीची निळाई खुलून दिसते.

या सगळ्यात नियमापेक्षा पावसाचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे. घर चिऱ्याचे, चिरा सच्छिद्र, आणि चार महिने झोडपणारा पाऊस. पावसाळा संपेपर्यंत भिंतीच्या खालच्या हातभर भागावर शेवाळाचा काळा पट्टा चढतो आणि चुन्याचा थर ठिकठिकाणी धुऊन जातो. पावसानंतर दरवर्षी घर रंगवण्याची जी पद्धत फोंतेन्यासमध्ये रुजली, तिला हुकुमाइतकेच हे काळे पट्टेही कारण आहेत. एका ऑक्टोबरात मी तेथे एका वयस्क रंगाऱ्याचे काम तासभर उभा राहून पाहिले. त्याने आधी काथ्याने शेवाळ घासले, मग बादलीभर पाणी मारून भिंत ओली केली, आणि त्यानंतरच कुंचा उचलला. रंग ओला असताना इतका गडद दिसत होता की, घरची बाई दारातून दोनदा म्हणाली, "एवढा काळपट नको हो." त्याने मान वर न करता उत्तर दिले, "उद्या सकाळी बघा, बाय." दुसऱ्या दिवशी भिंत वाळल्यावर ती आकाशासारखी फिकी झालेली होती.

पांढऱ्यावरच्या बंदीचे पक्के उदाहरण हवे असेल तर कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव बेटावर जावे लागेल. त्याची राजधानी विलेमस्टाड ही डच वसाहत. १८१७ मध्ये तेथे घरांना बाहेरून पांढरा चुना देण्यास मनाई करण्यात आली. पांढऱ्या भिंतींवरून परावर्तित होणारा प्रखर उजेड डोळ्यांना बाधतो, असे त्यामागचे कारण दिले जाते. तेव्हाचा गव्हर्नर आल्बर्ट किकर्ट याला या चकाकीमुळे डोकेदुखी होत असे, आणि रंगाच्या व्यापारात त्याची छुपी भागीदारी होती, अशी पुरवणीही स्थानिक लोक मोठ्या चवीने जोडतात. भागीदारीचे सोडा; पण उन्हाने तळपणाऱ्या बंदरात पांढऱ्याशुभ्र भिंतींसमोर दिवसभर उभे राहून पाहा म्हणजे हुकूम अगदीच लहरी वाटणार नाही. १९९७ मध्ये हे शहर जागतिक वारसास्थळांच्या यादीत आले, ते बऱ्याच अंशी त्या मनाईचे फळ म्हणता येईल.

दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनच्या बो-काप वस्तीत नेमकी उलटी गोष्ट सांगतात. डच ईस्ट इंडिया कंपनीने इंडोनेशियाची बेटे, श्रीलंका, पूर्व आफ्रिका आणि आपल्या हिंदुस्थानातूनही गुलाम करून नेलेल्या माणसांचे वंशज तेथे राहतात. १७९४ ची अव्वल मशीद त्याच वस्तीत आहे. घरे भाड्याची होती तोवर ती पांढरीच ठेवावी लागत, आणि घर मालकीचे झाल्यावर लोकांनी आपापल्या आवडीचे रंग लावले, अशी तेथील आठवण आहे. तीत तारखेचा काटेकोरपणा शोधू नये. स्वतःचे घर स्वतःच्या पसंतीने रंगवायला मिळणे ही ज्यांच्या लेखी मोठी गोष्ट होती, त्यांनी जपलेली ती आठवण आहे.

फोटो काढणाऱ्यांविषयी मी फारसा उपयोगी सल्ला देऊ शकत नाही. फोंतेन्यासमधल्या अनेकांनी दारावर विनंतीच्या पाट्या लावल्या आहेत, आणि त्या पाट्यांचेही फोटो निघतात. पायरीवर कुंड्या ठेवल्यास बसण्याची सोय राहत नाही, एवढा एक उपाय थोडाफार चाललेला मी पाहिला आहे.

प्रश्न : मी द्राक्षबागायतदार आहे. जोधपूरला गेलो असता तेथे चुन्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालून घरे निळी करतात आणि त्यामुळे वाळवी लागत नाही, असे ऐकले. चुना आणि मोरचूद म्हणजे तर आमचे बोर्डो मिश्रणच झाले! तेथील लोकांनी बागेतले औषध भिंतीला लावले की काय? (एक वाचक, निफाड)

आलेल्या सर्व पत्रांत आपले पत्र मला सर्वाधिक आवडले, कारण आपण जे सहज ओळखले ते प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलेले नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे प्रमाण आपल्याकडे बागायतदाराला पाठ असते, आणि त्या द्रावणाचा फिका निळा रंग हातावर किती दिवस राहतो हेही ठाऊक असते. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्यालगतची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून वेलींवर हे मिश्रण शिंपडत असत. त्या वेली केवडा या बुरशीजन्य रोगापासून वाचल्याचे दिसले आणि १८८० च्या दशकात ते औषध म्हणून पुढे आले. चुन्याच्या सफेदीत मोरचूद पडले तर रंग निळसर होणार आणि बुरशीला थोडा आळा बसणार, हे रसायनशास्त्राला धरूनच आहे.

वाळवीबाबत मात्र मी हात आखडता घेईन. लाकूड टिकवण्याच्या औषधांत तांब्याचे क्षार वापरतात, त्यामुळे समजूत अगदी निराधार म्हणता येत नाही. पण वाळवी जमिनीतून, पायातल्या फटींतून वर येते, आणि भिंतीवरच्या कागदाएवढ्या जाड थराला वळसा घालणे तिला मुळीच जड जात नाही. घर थंड राहते हे दुसरे कारणही अर्धेच खरे. उन्हाची तलखी परतवण्याचे काम चुना करतो. त्यात निळा रंग घातल्याने तो गुण वाढत नाही, उलट थोडा कमी होतो. निव्वळ थंडाव्यासाठी पांढराच बरा.

१४५९ मध्ये राव जोधाने वसवलेल्या या शहरात निळा रंग आधी मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या ब्रह्मपुरी भागातल्या ब्राह्मणांच्या घरांची ओळख होता, आणि पुढे तो इतरांनीही उचलला, असे मानले जाते. खूण म्हणून सुरू झालेली गोष्ट शेजाऱ्यांनी उचलली की ती खूण राहत नाही, शहराचा रंग होते.

येथे 'नीळ' या आपल्या शब्दाविषयी थोडे विषयांतर करतो. मराठीत नीळ म्हणजे निळीच्या झुडपापासून काढलेला रंग, आणि नीळ म्हणजे धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना द्यायची पूडही. या दोन वस्तू पूर्णपणे वेगळ्या आहेत. कपड्यांची जुन्या पद्धतीची पूड म्हणजे अल्ट्रामरीन. हा रंग पूर्वी अफगाणिस्तानातील लाजवर्द दगड कुटून मिळत असे आणि सोन्याच्या भावाने विकला जात असे. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये गीमे यांनी तो कारखान्यात स्वस्तात बनवण्याची रीत शोधून काढली, आणि राजवाड्यातला रंग धोब्याच्या बादलीत आला. भिंतींच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, अल्ट्रामरीन चुन्यात टिकतो. प्रशियन ब्लू नावाचा दुसरा निळा रंग तितकाच देखणा असला तरी चुन्याच्या क्षारात त्याचे विघटन होते आणि तो गंजासारखा तपकिरी पडतो. म्हणून चुन्याची भिंत निळी करायची तर पर्याय मोजकेच असतात. मोरोक्कोतल्या शेफशाऊएन या डोंगरी गावातही चुन्यात निळी पूड कालवूनच भिंती रंगवतात. १४७१ मध्ये वसलेल्या त्या गावाच्या निळाईबद्दल ज्यू निर्वासितांची श्रद्धा, डासांना पळवणे, गारवा अशी तीन-चार कारणे एकाच दमात सांगितली जातात, आणि एकाच गोष्टीला जेव्हा इतकी कारणे मिळतात तेव्हा मी बाजारात ती पूड काय भावाने मिळते ते आधी विचारतो.

जाता जाता जयपूरचाही उल्लेख करतो, कारण त्याबद्दल विचारणारी पत्रेही आली आहेत. १७२७ मध्ये वसलेले ते शहर जन्मतः गुलाबी नव्हते. १८७६ मध्ये इंग्लंडचा युवराज भेटीला येणार म्हणून महाराजा रामसिंह यांनी ते रंगवून घेतले. आणि त्या रंगाला गुलाबी म्हणणे हा नजरेचा दोष आहे. तो गेरू आहे.

प्रश्न : स्वीडनमध्ये शहराबाहेर पडले की सगळी घरे एकाच तांबड्या रंगाची दिसतात. याचे कारण काय? (एक वाचक, स्टॉकहोम)

तो फालू तांबडा. फालून येथील तांब्याच्या खाणीतून निघालेल्या टाकाऊ मालात लोहयुक्त माती असते. ती भाजून दळतात, आणि राय या गव्हासारख्या धान्याच्या पिठाच्या खळीत पाणी व जवसाच्या तेलासह शिजवतात. आपल्याकडची आजी कागद चिकटवण्यासाठी कणकेची खळ करते, जवळजवळ तीच कृती. हा रंग लाकडाला चिकटतो, पण लाकडाचा श्वास कोंडत नाही. जुना होतो तेव्हा पापुद्रे निघत नाहीत, भुकटी होऊन झडतो, आणि वर दुसरा हात देता येतो. सुरुवातीला तो श्रीमंतांच्या विटांच्या घरांची नक्कल म्हणून लावला जाई. पुढे तो शेतकऱ्याच्या घराचा रंग ठरला. खाण १९९२ मध्ये बंद पडली आणि २००१ मध्ये जागतिक वारसा झाली, पण जुन्या ढिगांतल्या मालापासून रंग अजूनही तयार होतो.

आपण त्या बाजूला राहता म्हणून ग्रीनलंडबद्दलही सांगतो. तेथे जहाजाने आणलेली लाकडी घरे उभारताना रंगानेच कामाची वाटणी केलेली असे : व्यापाराची इमारत तांबडी, दवाखाना पिवळा, पोलीस ठाणे काळे, टेलिफोनचे कार्यालय हिरवे, मासळीचा कारखाना निळा. बर्फाळ गावात पाटी न वाचता डॉक्टर सापडावा यासाठी याहून सोपी सोय मला सुचत नाही. बुरानोच्या धुक्यावर विश्वास न ठेवणारा मी ग्रीनलंडच्या या रंगांवर मात्र विश्वास ठेवतो.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याला पाच वर्षांपूर्वी महागडा प्लॅस्टिक पेंट लावला. आता भिंतीला फुगे येऊन हातभर पापुद्रे निघत आहेत. रंगाऱ्याने फसवले का? (एक वाचक, वाई)

रंगारी बहुधा प्रामाणिक असेल. चूक रंगाच्या जातीत आहे. वाड्याची भिंत माती, दगड, वीट आणि चुन्याची. तिच्या पायात ओल चढणारच, आणि ती ओल भिंतीच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन निघून जाते, हीच त्या बांधणीची रीत. प्लॅस्टिक वा ॲक्रिलिक रंगाचा थर म्हणजे भिंतीला घातलेला रेनकोट. आतले पाणी अडते, सोबत आणलेले क्षार थराच्या मागे साठतात, फुगतात आणि गिलाव्यासकट रंग उचलतात. आपण एखादा पापुद्रा सोलून उलटा करून पाहा. त्याच्या पाठीवर पिठासारखी पांढरी भुकटी दिसेल. ती जिभेला लावली तर खारट लागते. माझ्या कामात हीच सर्वांत स्वस्त तपासणी आहे.

उपाय वेळखाऊ आहे. प्लॅस्टिकचा थर पूर्ण काढल्याशिवाय चुना धरणार नाही, त्यामुळे आधी तो खरवडून काढावा लागेल, आणि नंतर भिंत एक उन्हाळाभर तशीच उघडी वाळू द्यावी. पाहुण्यांना ते कळकट वाटेल, वाटू द्यावे. त्यानंतर कळीचा चुना विरवून, निदान काही आठवडे पाण्याखाली मुरवून, गाळून घ्यावा. रंग हवा असेल तर पिवडी, गेरू, हुरमुंजी, काव असे मातीचे रंग किंवा अल्ट्रामरीन निवडावा आणि तो चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा अधिक घालू नये, नाहीतर हात लावताच अंगाला येतो. भिंत ओली करून, ऊन नसलेल्या वेळी, दुधाइतके पातळ असे तीन-चार हात द्यावेत. घाई करून एकच जाड हात दिला तर त्याला भेगा पडतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो. त्या क्रियेला दिवस लागतात आणि ओलावाही लागतो.

चुना आणि काव यांची जोडी आपल्या कोकणाला आणि गोव्याला नवी नाही. कावी कामात पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर देतात, आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करतात. देवळांच्या भिंतींवर असे वेल, पक्षी आणि देवादिकांची चित्रे आजही दिसतात. त्यांवर हौसेने ऑइल पेंट मारल्याची उदाहरणे आठवली की मला वाईचा आपला वाडा सुदैवी वाटतो.

आपले घर सिमेंट गिलाव्याचे आणि आरसीसीचे असते, तर मात्र मी बाहेरून चांगला ॲक्रिलिक रंगच सुचवला असता. नव्या गिलाव्यावर महिनाभर पाणी मारून, वाळवून, मग प्रायमर आणि रंग. प्रत्येक भिंतीला तिच्या जातीचा रंग लागतो.

प्रश्न : मी घाटकोपरला राहते. मेट्रोतून असल्फाची टेकडी रंगीत दिसते तेव्हा छान वाटते, पण गरिबीवर रंग फासला असेही वाटते. आपले मत काय? (एक महाविद्यालयीन वाचक, मुंबई)

आपले दोन्ही वाटणे बरोबर आहे, आणि मी त्यातले एक निवडणार नाही. असल्फाच्या डोंगरउतारावरची घरे २०१७ च्या अखेरीस स्वयंसेवकांनी रंगवली आणि वर्तमानपत्रांनी लगेच त्या टेकडीची तुलना इटलीच्या किनाऱ्याशी केली. ती तुलना मला रुचली नाही, कारण इटलीच्या गावाला नळ आहेत. पण माझ्या ओळखीच्या तेथील एक काकू म्हणाल्या, "आधी रिक्षावाला विचारायचा, कुठली झोपडपट्टी? आता म्हणतो, ती रंगीत टेकडी ना?" पत्ता सांगताना खाली न घालावी लागलेली मान ही लहान गोष्ट नाही.

अशा कामांची जगभर साथच आली. रिओ द जानेरोच्या सांता मार्ता वस्तीतला चौक २०१० मध्ये दोन डच कलाकारांनी स्थानिक तरुणांना हाताशी धरून, त्यांना कामाची मजुरी देऊन रंगवला. दक्षिण कोरियातील बुसानच्या गामचॉन या निर्वासितांच्या जुन्या वस्तीत २००९ पासून हेच झाले आणि आज तेथील रहिवाशांना पर्यटकांच्या वर्दळीचा जाच होतो. मला सर्वाधिक विचार करायला लावणारे उदाहरण अल्बानियाच्या तिराना शहराचे आहे. २००० मध्ये तेथे एडी रामा हे चित्रकार महापौर झाले. तिजोरीत फारसे काही नव्हते, आणि साम्यवादी राजवटीतल्या इमारतींच्या करड्या रांगा शहरभर उभ्या होत्या. त्यांनी त्यांवर नारिंगी, पिवळे, जांभळे पट्टे ओढायला सुरुवात केली. मात्र त्याच काळात नदीकाठची आणि बागांमधली बेकायदा बांधकामेही पाडली गेली. रंगाच्या जोडीला पालिकेचे दुसरे कामही चालू होते, हा माझ्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे. रामा २०१३ मध्ये देशाचे पंतप्रधान झाले. त्यांच्या राजकारणाविषयी मते काहीही असोत, रंगाचे काम त्यांनी भिंतीपुरते ठेवले नाही.

म्हणून अशा प्रकल्पाबद्दल मी तीनच गोष्टी विचारतो. रंग घरमालकाला विचारून ठरला का? पत्र्याची गळती आधी काढली का? आणि चौथ्या पावसाळ्यानंतर दुसरा हात कोण देणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत बहुतेक वेळा स्वयंसेवक पांगलेले असतात आणि विटलेला गुलाबी रंग हा मूळच्या उघड्या विटेपेक्षा अधिक उदास दिसतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीत इमारतीच्या नव्या रंगावरून दोन तट पडले आहेत. निम्म्यांना क्रीम हवा, निम्म्यांना निळा. काय करावे? (एक सचिव, डोंबिवली)

स्पेनच्या दक्षिणेला हुस्कार नावाचे अडीचशे वस्तीचे एक पांढरेशुभ्र गाव होते. २०११ मध्ये निळ्या बुटक्यांच्या एका चित्रपटाच्या जाहिरातीसाठी चर्चसकट सगळे गाव निळे करण्यात आले. पुन्हा पांढरे करून देण्याचे चित्रपट कंपनीचे वचन होते. पण पर्यटक येऊ लागले होते, म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस गावकऱ्यांनी मतदान घेतले आणि निळाच ठेवायचे ठरवले. तेव्हा मतदान हा मार्ग आहेच.

त्याआधी मात्र रंगाच्या पुस्तिकेतला दोन बोटांचा चौकोन पाहून हात वर करू नका. तो चौकोन भिंतीएवढा झाला की रंग दुपटीने गडद वाटतो. पश्चिमेच्या भिंतीवर, पाण्याच्या पाइपापासून दूर, दोन्ही रंगांचे सहा फूट लांब-रुंद नमुने काढून घ्या आणि ते सकाळी, दुपारी व ट्यूबलाइटच्या उजेडात पंधरा दिवस पाहा. डोंबिवलीची धूळ लक्षात घेता निळा निवडणाऱ्यांनी थोडा करड्याकडे झुकलेला निळा घ्यावा, आणि क्रीमवाल्यांनी खिडक्यांखालचे ओघळ कोण पुसणार हे आधी ठरवावे. निर्णय काहीही झाला तरी डब्यावरचा शेड क्रमांक सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवा; पुढच्या सचिवाला तो लागतो, आणि तोवर डबा भंगारवाल्याकडे गेलेला असतो.